गोठ्यातली शेगडी

स्वादुपिंडातली गाठ काढायच्या आधी डॉक्टरांनी वासुदेवरावांना बजावलं होतं, अंगात ताकद पाहिजे, रोज अंडी खा. "आमच्या घरात अंडं चालत नाई," असं त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. ऑपरेशन पार पडलं, गाठ निघाली. पण देवळीला घरी आल्यावर जखम भरून येईना आणि कपडे अंगावर लोंबायला लागले. शेवटी एका सकाळी तेच मुलाला हळू आवाजात म्हणाले, "कैलास, येताना अंडे घेऊन येजो."

सून मयुरीनं अंडी स्वयंपाकघरातच उकडली, सोलली, वर मीठ-मिरपूड घातली आणि सासऱ्यांच्या रोजच्या ताटलीत त्यांच्यासमोर आणून ठेवली. वासुदेवराव ताटलीकडे नुसते पाहत राहिले. मयुरी गरोदर असताना, रक्त कमी म्हणून, तिलाही डॉक्टरांनी अंडी सांगितली होती. तेव्हा त्यांनीच मागच्या गोठ्यात वेगळी शेगडी आणि वेगळं भांडं ठेवायला लावलं होतं. उकडायचं तिथं, खायचंही तिथंच.

पोटावरच्या पट्ट्याला एका हातानं धरत ते उठले, ताटली उचलली आणि मागच्या दाराकडे निघाले.

"मामाजी, कुठं चालले?"

"गोठ्यात. तिथंच बसून खातो."

"तिथं बसाले जागा कुठं आहे?" मयुरी सहज बोलून गेली. "मी तं उभ्यानंच खात होती."