कच्चा टाका

नागासाकीत ट्रामचे एवढे डबे धावतात, पण मिसाओ नेमकी त्याच डब्यात चढली ज्यात ओगाता बाई बसल्या होत्या.

ओगाता बाईंनी मिसाओसकट गावातल्या तीन पिढ्यांना चहाविधी आणि किमोनो नेसणं शिकवलेलं. वय ऐंशी, पण नजर तिशीतली. रस्त्यात कुणाचा कंबरपट्टा सैल दिसला तर न विचारता मागून आवळायच्या, मग ती बाई ओळखीची असो वा नसो. त्यांनी मिसाओला पायापासून वर बघायला सुरुवात केली.

"बूट?"

"हो बाई. तांबडे."

"किमोनोखाली बूट. आत लेसचं पोलकं. आणि वर टोपी! नाटकात कामबिम लागलंय का तुला?"

"शिआनबाशीला चाललेय. तिथं जुन्या तबकड्या वाजवणारं कॉफीचं दुकान आहे ना, आज दोन वाजता नाच आहे त्यांच्याकडे. भिंतीवर एक जुनं चित्र आहे, ग्रामोफोनपाशी बसलेल्या बाईचं. असाच काळा किमोनो, असेच बूट, अशीच टोपी."

"असल्या ठिकाणी मी पाऊल टाकत नाही," बाई म्हणाल्या. "आणि चित्रातल्या बाईला काय होतंय? तिला ट्राममध्ये चारचौघांत बसावं लागत नाही."

पलीकडच्या बाकावरचा म्हातारा खुदकन हसला. मिसाओ हसली नाही. आठवडाभर ती आरशासमोर उत्तरं घोकत होती. सून तोंड फिरवून हसली होती, बहिणीनं फोनवर विषय बदलला होता, तरी ती निघाली होती. आज अर्ध्या वाटेवरून परत फिरलो तर हा किमोनो पुन्हा पेटीत जाईल, आणि मग बाहेर निघेल तो आपल्या शवपेटीत घालायलाच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आणि चौसष्टाव्या वर्षी किमोनोवर एवढाली लाल डेलियाची फुलं?"

"फुलं तेविसाव्या वर्षी घेतलीत बाई, पहिल्या पगारातून. मी म्हातारी झाले, त्याला ती काय करणार?"

बाईंचा हात सवयीनं पुढे आला, तिची बाही नीट करायला. आणि तिथंच थांबला.

"मिसाओ," त्यांनी आवाज खाली आणला, "कच्चा टाका राहिलाय."

बाहीच्या कडेनं पांढरा दोरा गेलेला, काळ्या रेशमावर ठसठशीत. घडी बसावी म्हणून शिवणारी तो घालते, आणि पहिल्यांदा नेसायच्या दिवशी तो ओढून काढायचा असतो. सोळा वर्षांच्या पोरीलाही हे कळतं. मिसाओ सकाळभर आरशात टोपीच बघत बसली होती.

तिचे कान तापले. बुटांना उत्तर होतं, टोपीला होतं. याला नव्हतं. तिनं हात लांब करून उतरायची घंटी दाबली. शिआनबाशीला अजून दोन थांबे होते.

"म्हणजे हा तू एकदाही...?"

"एकदाही नाही. सासूबाई म्हणाल्या, ही बारमधल्या बायकांची नक्षी. त्या गेल्या तोवर मीच सासू झाले होते."

बाई एकदम मऊ झाल्या. "चल, उतर माझ्याबरोबर. घर इथंच आहे. टाके काढू, बुटांऐवजी माझ्या चपला घाल, गळ्याला साधी पांढरी पट्टी लावू. टोपी पिशवीत राहील. नीटनेटकी होऊन जा, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही."

बाई मनापासून म्हणत होत्या, तेच वाईट होतं. गेली एक्केचाळीस वर्षं मिसाओवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

ट्राम थांबली. दार उघडलं. मिसाओ जागची हलली नाही. दार बंद झालं.

"टाका तेवढा काढा, बाई. कात्री असतेच तुमच्याकडे. टोपी डोक्यावरच राहील."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"इथंच."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग पिशवीतून चिमुकली कात्री काढली आणि गाठ कापली. टोक धरून मिसाओनं दोरा स्वतः ओढला. डाव्या बाहीचा सरसर आला, उजव्या बाहीचा मध्येच दोनदा तुटला. राहिला खालचा काठ. पलीकडच्या म्हाताऱ्यानं बाईंची पिशवी धरली, आणि ऐंशी वर्षांच्या ओगाता बाई ट्रामच्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या, त्या तांबड्या बुटांपाशी.

"पाय हलवू नकोस मेले, कापेल."

दोरा निघाला तिथं सुईच्या बारीक छिद्रांची ओळ उरली.

"ओल्या बोटानं चोळ, बुजतात," बाई उठत म्हणाल्या.

"नाचताना बुजतील," मिसाओ म्हणाली.

शिआनबाशी आलं. तिनं सुटे पैसे पेटीत टाकले, काठ सावरत पायरी उतरली आणि वळून वाकून नमस्कार केला. बाईंनी दोरा बोटाला गुंडाळून ठेवला होता. त्याच हातानं त्यांनी खिडकी वर सरकवली.

"मिसाओ! टोपी अशी सरळ काय घातलीस? डाव्या भुवईवर घे. त्या भिंतीवरच्या बाईची तशीच आहे."