कोऱ्या चेहऱ्याची मुलगी

द्वारकाआजी चपला काढून पुतळ्याच्या पावलांवर चढल्या, तसा चौकात एकच गलका झाला. "अहो आजी, पुतळ्याला पाय लावताय?"

माणसाचा हात लागेल तिथे वाढणारा दगड होता तो. शिल्पकार नलिनी केळुस्करांनी या मुलीचा चेहरा मुद्दाम कोरा ठेवला होता, गावाने तो घडवावा म्हणून. पण येणारा-जाणारा नुसता पायाच पडत राहिला. पावलं बैलगाडीएवढी झाली, चेहरा सपाटच राहिला.

"पोर आहे ही, देव नव्हे!" म्हणत आजींनी त्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

दगडातून गाल वर आला.

"आला, आला!" नलिनीताई आनंदाने ओरडल्या.

खाली चौकात भराभर चपला निघू लागल्या.