बिनसाखरेची पोमाना

झामफिरा मावशीनं डब्यातला एक छोटा केक उचलला, कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ नुसती चावत राहिली. मग खिडकीशी जाऊन उरलेला केक उजेडात धरून पाहिला.

"ह्यात साखर नाही," ती म्हणाली.

ओतीलिया म्हणाली, नाहीच. बदामाचं पीठ, अंड्यांचा पांढरा भाग, पिळून घेतलेलं ताजं चीज, लिंबाची किसलेली साल. पोटाला हलका, प्रथिनं भरपूर. आईसाठी ती हेच तर करत आली होती.

आज आई, साफ्ता, जाऊन चाळिसावा दिवस होता. दुपारच्या आत पाद्री थडग्यापाशी येणार होते आणि प्रार्थना झाली की गावाला पोमाना, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं द्यायचं खाणं, वाटायची होती. शिजवलेले गहू मावशीनं साखर पेरून पहाटेच आणले होते. केक ओतीलियाकडे होते, कारण केक तिला येतात असा सगळ्यांचा समज होता.

"पोरी," मावशी म्हणाली, "आज आपण जे वाटू ते साफ्ता तिकडे खाणार. तिकडेही मधुमेह असतो का?"

ओतीलिया क्रायोवा शहरातल्या ग्रंथालयात कामाला होती. मधुमेहावरचं हाती लागेल ते तिनं वाचलं होतं. तिकडच्या जगावर तिचा फारसा विश्वास नव्हता.  सकाळी अंडी फोडताना तिनं कसलाच विचार केला नव्हता. हात आपोआप पिवळं बाजूला काढत गेले होते.

सात वर्षं ती दर शनिवारी बसनं गावी येत होती, भरलेला डबा ठेवत होती आणि मागच्या आठवड्याचा रिकामा घेऊन जात होती. "केक?" ती विचारायची. "संपले," आई म्हणायची. ईस्टरच्या जेवणाला आईसमोरची गोड पावाची ताटली ओतीलिया न बोलता उचलून घ्यायची, आणि आई न बोलता उचलू द्यायची. तपासणीचे आकडे पाहून डॉक्टर मान डोलवायचे. ओतीलिया त्याचं श्रेय केकना द्यायची. शेवटच्या आठवड्यात आईनं प्लमचा मुरंबा मागितला होता, एकच चमचा. ओतीलियानं केक पुढे केला होता.

"साखर किती घालतात?" तिनं विचारलं.

मावशीनं पिशवी तिच्या हातात दिली. "ओत. मी थांब म्हटलं की थांब." आणि बराच वेळ ती थांब म्हणालीच नाही.

दुसरे केक तयार झाले. ते फुगलेले होते, वरून चकाकत होते, आणि घरभर असा वास सुटला की ओतीलियाला खिडकी उघडावी लागली. ते तिनं टोपलीत रचले. पहिला डबा टाकवेना आणि मागे ठेववेना, म्हणून तो टोपलीच्या तळाशी फडक्याखाली गेला.

पाद्र्यांनी थडग्यावर वाइन ओतली, प्रार्थना संपवली. ओतीलिया एकेका केकवर बारीक मेणबत्ती लावून लोकांच्या हातात देत गेली. ती "आईच्या नावानं" म्हणायची, लोक "पोचो तिला" म्हणायचे, मेणबत्ती विझवायचे आणि खायचे. चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा बोटं चाटत म्हणाला, इतकी साखर मिळाली असती तर साफ्ता जरा आधी गेली असती, पण खुशीत गेली असती. मावशीनं त्याला आणखी एक दिला.

कुंपणापलीकडची शेजारीण वेतुरिया मात्र एक घास घेऊन थांबली. तिनं केक उलटा करून पाहिला.

"हे ते नव्हेत," ती म्हणाली.

ओतीलियानं विचारलं, ते म्हणजे कुठले?

"तुझे गं. क्रायोवाचे. साफ्ता रविवारी चर्चमधून आली की अख्खा डबा घेऊन आमच्या दारात. त्यावर मेणबत्ती लावलेली. लाकडाचा भुसा खाल्ल्यासारखं वाटायचं, पण पोमानाला नाही कसं म्हणणार? सात वर्षं खाल्ले आम्ही. आमच्या ह्यांचं पोट उतरलं."

ओतीलियाच्या हातातल्या मेणबत्तीचं मेण बोटांवर ओघळलं. ती ते खरवडत राहिली. आई खोटं बोलली नव्हती. ती नेहमी 'संपले' म्हणाली होती. 'खाल्ले' असं एकदाही म्हणाली नव्हती.

मावशी पुढे सरकली. चाळीस दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू येऊ घातलं होतं. "वाटायची कुणाच्या नावानं? सासूच्या ना?" साफ्ताची सासू कशी होती ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिला तिकडे सात वर्षं हेच केक खावे लागले असतील, ह्या विचारानं मावशीला बरं वाटत होतं.

"छे," वेतुरिया म्हणाली. "स्वतःच्या."

गावात तशी रीत होतीच. म्हातारी माणसं जिवंतपणी आपल्याच नावानं वस्तू वाटून ठेवत, तिकडे गेल्यावर हाताशी असाव्यात म्हणून. कुणी घोंगडी देई, कुणी पाण्याचा घडा. केक आजवर कुणी दिले नव्हते.

ओतीलिया खाली वाकली. फडकं बाजूला करून तिनं तळचा डबा काढला आणि उघडला.

"तिला आवडतच नव्हते," ती डब्यात बघत म्हणाली, "तर मग कशाला?"

"मीही विचारलं होतं," वेतुरिया म्हणाली आणि डब्यातला एक केक तिनं कुणी न सांगताच उचलला. "म्हणाली, इथं घशाखाली उतरत नाहीत गं. पण तिथं मला लेकीच्या हातचं दुसरं काय मिळणार?"