शेवटचा माल

डबी उघडली आणि भिंगकाकांचा हात सवयीने खिशातल्या भिंगाकडे गेला. तयार माल बाहेर पाठवणारी डिस्पॅचवाली समोरच उभी होती. तिने पर्स छातीशी घट्ट धरली.

पंखे बनवणाऱ्या त्या कारखान्यात बाहेरून आलेला एकेक नट, एकेक बेअरिंग बत्तीस वर्षं याच भिंगाखालून गेलं होतं. म्हणून तर ते भिंगकाका. खोट दिसली की लाल शिक्का, नापास. मग पुरवठादार रडो नाहीतर हातापाया पडो. स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिका त्यांनी कोपरे तिरके कापले म्हणून छापखान्यात परत धाडल्या होत्या. मन राखायला खोटं बोलणं तर त्यांच्या गावीही नव्हतं. मॅनेजरसाहेबांच्या बायकोने हौसेने केलेला केक खाऊन, तिच्याच समोर, "आतून कच्चा राहिलाय" म्हणाले होते. वेळेचेही तसेच पक्के. पाचचा भोंगा झाला की पेनाला टोपण आणि भिंग खिशात. त्यानंतर सोन्याने भरलेला ट्रक आला तरी काका मान वर करत नसत. "सोनं की पितळ, ते उद्या सांगतो," म्हणून चालू लागत.

अशा या माणसाच्या टेबलाच्या काचेखाली एका भारी परदेशी घड्याळाचं चित्र होतं. मासिकातून कापलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यामुळे निवृत्तीला काय द्यायचं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. किंमत पाहिल्यावर पडला. तेव्हा डिस्पॅचवालीनेच ऑनलाइन शोधून तसंच दिसणारं नकली घड्याळ काढलं. खाली चक्क लिहिलं होतं, 'अगदी हुबेहूब'. "वा ताई, कुणाला कळतंय!" वर्गणी काढणारे सगळे म्हणाले. देण्याच्या आनंदात घ्यायचं कुणाला आहे, तेच सगळे विसरले. गेटवर आलेलं पार्सल आधी काकांच्या टेबलावर जातं, म्हणून तिने ते घरी मागवलं आणि पर्समधून आत आणलं. बत्तीस वर्षांत न तपासता आत आलेला तो पहिलाच माल.

आज सकाळी तिने ते नीट पाहिलं आणि तिचे डोळे उघडले. खिडकीतला तारखेचा आकडा तिरका बसला होता. सेकंदकाटा लंगडत होता. दोनदा वेळ लावली तरी घड्याळ आपलं पुढेच पळत होतं. आता बदलायला वेळ नव्हता.

चार वर्षांपूर्वी ती नवी असताना तिने शंभर पेट्या भलत्याच गावाला पाठवल्या होत्या. सगळे तिच्यावर तुटून पडले. काकांनी मात्र तिला शेजारी बसवून काम शिकवलं. "पोरी, आधी डोळ्यांनी, मग हाताने, मग कागदावर." बापासारखी माया लावली होती त्यांनी. आणि आज तिने त्यांना असं कात्रीत पकडलं होतं. काका "नापास" म्हणाले तर चाळीस माणसांची तोंडं उतरणार. "छान आहे" म्हणाले तर शेवटच्या दिवशी, तिच्यापायी, आयुष्यातलं पहिलं खोटं बोलणार. इकडे आड, तिकडे विहीर.

मॅनेजरसाहेबांना पुढे मीटिंग होती, म्हणून समारंभ साडेचारलाच सुरू झाला होता. भाषणं आटोपली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते.

काकांनी घड्याळ तळहातावर तोललं. कानाशी नेलं. मग भिंगाखाली धरलं. भिंग तारखेच्या खिडकीपाशी थांबलं आणि तिथून हलेना. ज्यांना ठाऊक होतं ते आपापल्या चपलांकडे बघू लागले.

"कुणी आणलं हे?"

"मी, काका," डिस्पॅचवाली म्हणाली.

मॅनेजरसाहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते आपले खुशीत होते. "काय काका, शेवटचा माल! पास की नापास?"

काकांनी डिस्पॅचवालीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा हातातल्या घड्याळाकडे. मिशीतल्या मिशीत काहीतरी हललं. त्यांनी भिंग पुसून खिशात टाकलं आणि मनगट पुढे केलं.

"बांध, पोरी."

तिने पट्टा लावला.

"अहो, पण निकाल?" मॅनेजरसाहेब म्हणाले.

काकांनी मनगट उंच धरून सगळ्यांना दाखवलं.

"आता कसा देऊ, साहेब? यात पाच वाजून पाच मिनिटं झालीत."