तीन नंबरची खिडकी

रोझॅनने कम्युनिटी कॉलेजातून ऑफिसच्या कामाची दोन वर्षांची पदवी घेतली आणि ओहायोतल्या एका सरकारी कचेरीत, जखमी कामगारांच्या भरपाईचे अर्ज घ्यायला, ती तीन नंबरच्या खिडकीवर बसू लागली. पोलादाच्या भट्टीवर जन्म काढलेले तिचे वडील चेस्टर म्हणायचे, "अर्धीच पदवी ती. आणि ज्यात घाम येत नाही, त्याला काम म्हणत नाहीत, पोरी."

पुढे पुढे भाजलेल्या हातांची अनोळखी माणसं, शेजारच्या खिडक्या रिकाम्या असतानाही, तिच्याच रांगेत उभी राहू लागली. "माझं नाव कोणी सांगितलं तुम्हाला?" असं विचारलं, की "असंच कळलं, बाई," म्हणत ती माणसं नजर चुकवायची. साहेबाला वशिल्याचा वास आला. तो तिचा प्रत्येक अर्ज पुन्हा तपासू लागला. आपली नोकरी घालवायलाच कोणीतरी ही माणसं पाठवतंय, अशी तिची खात्री झाली. तिने ते घरी सांगितलं, तर चेस्टर पावाला लोणी लावत म्हणाले, "खुर्चीला गादी आहे ना? मग बस की."

मार्चमध्ये चेस्टर गेले. शवपेटीशेजारी उभ्या असलेल्या रोझॅनसमोर अंत्यदर्शनाची रांग लागली, आणि त्या रांगेत तीच सगळी माणसं टोप्या काढून उभी होती.

 

"तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्याने," पहिला म्हणाला, "पण भट्टीवर कोणी भाजलं, की तो म्हणायचा, कागद माझ्या पोरीकडेच न्या, ती दोन वर्षं शिकलीय ते."