एका टेकमध्ये ओके

"ही नवी मुलगी खोटं रडते. याच बालकादंबरीवरच्या तुमच्या जुन्या सिनेमातली खरंच रडली होती," नव्या सिनेमाच्या मध्यंतरात एक पत्रकार मला म्हणाला.

मी कसनुसा हसलो. जुन्या सिनेमाचा सहायक दिग्दर्शक मीच. सात वर्षांची मृदुला काही केल्या रडेना, तेव्हा मी तिच्या कानात खोटंच सांगितलं होतं, "तुझी आई गेली." एका टेकमध्ये शॉट ओके झाला.

आज मृदुला माझ्या शेजारीच बसली होती. पत्रकार गेल्यावर मी चाचरत म्हणालो, "तेव्हा चुकलंच माझं."

"मागच्या वर्षी आई खरंच गेली, काका," रिकाम्या पडद्याकडे बघत ती म्हणाली. "मला रडूच येईना. मी आपली वाट बघत बसले, कुणीतरी 'कट' म्हणेल म्हणून."