साळूबाईचा तांब्या

बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर कोरडीठाक पडली, तेव्हा मिशनचं बोअरिंगचं यंत्र घेऊन शांतवन आला. तो याच गावचा. लहानपणी या विहिरीवर त्याला पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतलेलं. आल्या आल्या त्यानं यंत्र लावलं. दोन ठिकाणी नुसता फुफाटा उडाला, तरी गडी मागं हटला नाही. तिसऱ्या जागी पाणी लागलं आणि मिशननं हातपंपही बसवून दिला. पाटलीण साळूबाईनं घरचा पितळी तांब्या भरला. "पयलं पानी तुमी प्या, शांतवनभाऊ." शांतवननं सवयीनं वाकून ओंजळ पुढं केली. साळूबाईला कानकोंडं झालं. "वंजळ नको, भाऊ. तांब्याला तोंड लावा." तो घटाघटा प्याला. तांब्या घासून द्यावा म्हणून त्यानं मूठभर माती उचलली. साळूबाईनं तांब्या हिसकावून घेतला, तसाच पंपाखाली भरला आणि सगळ्या गावादेखत स्वतःच्या तोंडाला लावला.